ठसा आणि चाहूल

मानसशास्त्रासारख्या विषयावर कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे ह्याचे साखरखेर्ड्याच्या काही मंडळींस नवल वाटले, आणि तसे त्यांनी आम्हांस तोंडावर बोलूनही दाखविले. त्यांचे काही चुकले नाही. आमची शाळा सातवीत सुटली. त्यापुढचे जे काही शिक्षण झाले ते जिनिंग कारखान्याच्या आवारात, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि रद्दीच्या दुकानात. इंग्रजी ग्रंथ आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन वाचतो. एका पानाला कधी एक तास, तर कधी एक रात्र लागते. तेव्हा पंडितांनी सांगावे तसे आम्हांस सांगता येणार नाही. मात्र एक गोष्ट आहे. तीस वर्षे आम्ही सभा घेत आलो, आणि सभेत माणसे कशी बोलतात, किंबहुना कशी बोलत नाहीत, हे पाहण्याची सवय आम्हांस लागली आहे. हा विषय आम्ही निवडला तो त्या न बोलणाऱ्यांसाठी.

सभेत बोलके लोक असतात आणि मुके लोक असतात. पुष्कळ वर्षे आमची समजूत अशी होती की मुके ते सारे सारखेच. एकतर भित्रे, नाहीतर ज्यांना सांगण्यासारखे काही नाही असे. ही समजूत आम्हांस फार महाग पडली. ती कशी, ते पुढे येईलच. मुक्यांमध्येही दोन अगदी निराळ्या जाती आहेत, एकीचे तोंड मागे वळलेले आणि दुसरीचे पुढे, हे आम्हांस प्रथम कळले ते कार्ल गुस्टाफ युंग ह्या स्विस मनोवैद्याच्या ग्रंथावरून.

युंग ह्यांचा जन्म १८७५ चा. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेही हेच साल, एवढा योगायोग येथे नोंदवून ठेवतो. माणसांच्या मनाचे प्रकार सांगणारा त्यांचा मोठा ग्रंथ जर्मन भाषेत १९२१ साली निघाला आणि दोन वर्षांनी इंग्रजीत आला. १९३७ च्या अखेरीस ते हिंदुस्थानात आले होते. जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्यास सायन्स काँग्रेसचे रौप्यमहोत्सवी अधिवेशन भरले, त्याचे ते निमंत्रण होते. सांचीच्या स्तूपाने ते हेलावून गेले, आणि कलकत्त्यास हगवणीने आजारी पडून त्यांना रुग्णालयात राहावे लागले. थोर माणसाच्या चरित्रातील ही दुसरी गोष्ट आम्हांस पहिलीइतकीच जवळची वाटते.

आता मूळ विचार. युंग म्हणतात, मन चार कामे करते. डोळा, कान, त्वचा ह्यांनी जे आहे ते घेणे, हे संवेदन. जे अजून दिसत नाही पण येऊ घातले आहे किंवा मागे दडले आहे ते एकदम जाणवणे, ही अंतःस्फूर्ती. ह्या दोन वाटांनी माल आत येतो. आत आलेल्या मालाचा निवाडा करण्याच्या वाटा आणखी दोन, विचार आणि भावना. पहिल्या दोहोंना युंग निवाडा करणारी कामे मानीत नाहीत. ती तर्काच्या अगोदरची आहेत. बाजार समितीच्या फाटकातून गाडी आत आली म्हणजे तेवढ्याने कापसाचा भाव ठरत नाही, तसेच हे. आजचा आमचा विषय फाटकाचा आहे, भावाचा नाही.

ह्या प्रत्येक कामाचे तोंड बाहेर असू शकते किंवा आत. बाहेर असले तर बहिर्मुख, आत असले तर अंतर्मुख. अंतर्मुख म्हणजे लाजाळू, हा अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे, पण तो येथे लावू नये. येथे अंतर्मुखाचा अर्थ असा की बाहेरच्या वस्तूपेक्षा तिने आत जे उठविले त्याला मनात अधिक वजन मिळते. ह्या हिशेबाने अंतर्मुख संवेदन आणि अंतर्मुख अंतःस्फूर्ती अशा दोन रीती होतात. ही नावे जिभेला जड आहेत. आम्ही आपल्या सोयीसाठी पहिलीला ‘ठसा’ म्हणतो आणि दुसरीला ‘चाहूल’. हे शब्द शास्त्राचे नव्हेत, आमचे आहेत. बिनचूक बसत नसतील तर दोष आमच्याकडे.

दोहोंतील भेद युंगांनी एका उदाहरणाने सांगितला आहे, आणि आमच्या मते साऱ्या ग्रंथात त्याहून स्वच्छ जागा नाही. एका माणसास मनाच्या विकाराने घेरी आली असे समजा. ज्याचे अंतर्मुख संवेदन जागे आहे त्याचे लक्ष त्या घेरीवरच खिळते. ती कशी सुरू झाली, किती जोराची होती, किती वेळ टिकली, अंगात कोठे काय झाले, हे सारे तो आतून टिपतो आणि तेथेच थांबतो. अंतर्मुख अंतःस्फूर्तीचा माणूस घेरीत रेंगाळत नाही. घेरी त्याला केवळ धक्का देते. तो तिच्या पाठीमागे डोकावतो, आणि त्यास एक चित्र दिसते: एक माणूस लडखडतो आहे आणि त्याच्या छातीत बाण घुसला आहे. घेरी एकच. एकाने तिची नोंद घेतली, दुसऱ्याला तिच्या मागचे चित्र दिसले. खोटे कोणीच बोलत नाही.

ठशाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण त्याच्याबद्दल गैरसमज जास्त आहेत. ठसा म्हणजे चांगली स्मरणशक्ती, असे सोप्या पुस्तकांतून सांगतात. ते अर्धेच खरे. आमच्या जिनिंगमध्ये एक जुने फिटर होते. रेचे चालू असले म्हणजे तेथे शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, इतका गलका. अशा गलक्यात ते चहाचा पेला खाली ठेवीत आणि म्हणत, ‘सातव्या नंबरचं बोलणं बदललं.’ आम्ही पाहावयास जावे तर काही नाही. पट्टा ठीक, रोलर ठीक, कापूस जसाच्या तसा. पण उघडून पाहिले म्हणजे आत काहीतरी ढिले झालेले सापडे. त्यांना विचारले की काय ऐकलेत, तर सांगता येत नसे. आमच्यासारख्या उतावळ्या पोराचे कान त्यांच्याहून तीक्ष्ण होते. ठिणगी उडाली तर तिच्यावर आम्हीच प्रथम झेप घेत असू. ते झाले बहिर्मुख संवेदन. समोर आहे ते, आत्ताच्या आत्ता. फिटरबुवांच्या आत मात्र त्या रेच्याचा वर्षानुवर्षांचा एक ठसा होता, आणि बाहेरचा आवाज ते कानाने ऐकत त्याहून अधिक त्या ठशावर घासून पाहत. आवाज मोठा की लहान हा त्यांचा प्रश्नच नव्हता. ‘हा आवाज तोच आहे काय?’ हा त्यांचा प्रश्न.

युंग तर ह्याहूनही पुढे जातात. ते म्हणतात, अशा माणसाला वस्तू जशी असते तशी दिसत नाहीच. वस्तूने त्याच्यात जे उमटविले ते दिसते, आणि त्या उमटण्यात तिचा सारा मागचा काळ मिसळलेला असतो. म्हणून एकाच पारावर दहा चित्रकार बसविले तर दहा निराळे पार उमटतील. आजीच्या हातची भाकरी आणि तिच्याच पिठाची, तिच्याच तव्यावरची दुसऱ्या हातची भाकरी ह्यांत तोलकाट्याला फरक सापडणार नाही. पण ज्याच्या आत आजीच्या भाकरीचा ठसा आहे तो पहिल्या घासाला थांबेल. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, ह्या म्हणीत ठशाचे शहाणपण आहे आणि त्याची खोडही आहे.

चाहूल निराळी. ती मागच्याशी ताडून पाहत नाही. तिचा आधार बाहेर शोधावयास गेलात तर हाताला काही लागत नाही, आणि म्हणून चाहूल लागणारा माणूस सभेत नेहमी हरतो. त्याला एक चित्र दिसते, ते बदलत बदलत दुसरे होते, आणि सरतेशेवटी ‘हे असे होणार’ एवढेच त्याच्या तोंडी उरते. पायऱ्या त्याने चढलेल्या असतात की नाही देव जाणे, पण त्या त्याला दाखविता येत नाहीत. बहिर्मुख अंतःस्फूर्तीचा माणूस दहा वाटा दाखवितो: हे करू, नाहीतर ते करू, तिसरेही जमेल. असे कार्यकर्ते चळवळीत पुष्कळ, आणि ते लोकांना आवडतात. अंतर्मुखाला दहा वाटा दिसत नाहीत, एकच दिसते. युंग ह्या जातीत द्रष्ट्यांना घालतात, कलावंतांना घालतात, आणि लोक ज्यांना चक्रम म्हणून हसतात त्यांनाही घालतात. ‘जे न देखे रवि ते देखे कवि’ असे आपण म्हणतो खरे, पण कवी सोडून दुसऱ्या कोणी तसे देखिले तर त्याला खाली बसावयास सांगतो.

ह्या चाहुलीची किंमत काय, तेही युंगांनीच सांगितले आहे. त्यांच्याकडे आलेल्या एका तरुणीचे उदाहरण ते देत. आतल्या चित्रांत ती इतकी बुडालेली होती की चालताना स्वतःच्या पावलांचा आवाज तिला ऐकू येईनासा झाला होता. उद्याचे दिसते आणि पायाखालचे दिसत नाही. आमच्या एका सहकाऱ्याला मोर्च्याच्या दिवशी दुपारी तीन वाजता कोणीतरी आठवण करून द्यावी लागे की त्याने सकाळपासून काही खाल्लेले नाही. ठशाच्या माणसाचे ह्याच्या उलट होते. मागचे आणि आजचे त्याच्या मुठीत असते, पण अनोळखी उद्याचे नाव काढले की त्याला त्यात केवळ संकटेच दिसू लागतात. नवा अधिकारी आला, आता घात झाला. नवी पद्धत आली, आता बुडालो. ह्या काळ्या शंकांना चाहूल समजू नये. त्या भुकेल्या चाहुलीच्या असतात, जिला वर्षानुवर्षे कोणी जेऊ घातलेले नाही.

आपल्या जिल्ह्यातच ह्या दोन रीती एका शेतात शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट आखतात, भोवती अठरा प्रकारची धान्ये ठेवतात, मध्ये खड्ड्यात मातीची ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर, तिच्यापाशी पुरी, पापड, कुरडई, पानविडा. रात्रभर तेथे कोणी जात नाही. पहाटे जाऊन कोणते धान्य हलले, कोणते जागेवर राहिले, ढेकूळ किती भिजले, हे पाहून पाऊस, पीक आणि राजाचे भाकीत सांगतात. पानविडा म्हणजे राजा. वऱ्हाड-खानदेशातून शेतकरी तेथे येतो आणि कपाशी पेरावी की सोयाबीन ह्याचा मनाशी निश्चय करून परततो. आमचा स्वतःचा ह्या भाकितावर विश्वास नाही. हललेल्या दाण्याने मोसमी वारा बांधला जातो हे आम्हांस पटत नाही, आणि ते आम्ही भेंडवळलाही सांगू. पण तेथे जमलेल्या माणसांकडे पाहण्यासारखे असते. सांगणारा दाण्यात चित्र पाहतो. दाणा हे केवळ निमित्त, घेरीसारखे. आणि गर्दीत मागे एखादा म्हातारा शेतकरी उभा असतो, तो काही न बोलता वाऱ्याची दिशा, कडुलिंबाचा मोहर आणि यंदाचा उकाडा मागच्या चाळीस उन्हाळ्यांशी लावून पाहत असतो. त्याला कोणी विचारीत नाही. ठशाला प्रश्न विचारण्याची रीतच आपल्याकडे नाही, आणि चाहुलीला विचारावयाचे तर तिला देवऋषीचा पोशाख चढवावा लागतो.

ग्रंथांच्या जगातील एक जोडी सांगतो. मेलेल्या माणसांना शिक्के मारणे योग्य नव्हे. आम्ही त्यांच्या कामाविषयी बोलतो, त्यांच्या मनाविषयी नव्हे. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवीत आणि उरलेल्या वेळात पटवर्धन घराण्याचे दप्तर वाचीत. १८९७ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढावयास घेतला, आणि एका घराण्याच्या कागदांत ते १९२४ साली मरेपर्यंत बसले. पत्र, तारीख, मागचा धागा, पुढचे पत्र. मोडी अक्षराचे वळण त्यांच्या इतके अंगवळणी पडले असेल की कागद खोटा असता तर त्यांच्या बोटांनाच कळले असते, असे आम्हांस वाटते. त्यांच्याच काळातले विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. त्यांनीही कागदच गोळा केले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे खंड बावीस झाले. गावोगाव पायपीट, हाताने स्वयंपाक, माळ्यावरची धूळ, हे सारे त्यांनी केले. परंतु कागद हाती आला की राजवाडे त्यात राहत नसत. गावाच्या नावावरून, आडनावावरून, एखाद्या धातूवरून त्यांची दृष्टी दोन हजार वर्षे मागे जाई आणि साऱ्या वसाहतीचे चित्र उभे करी. त्यांतील कितीतरी व्युत्पत्त्या पुढच्या विद्वानांनी खोडून काढल्या. तरीही विवाहसंस्थेवरील त्यांच्या लेखांतून कॉम्रेड डांगे ह्यांना आपल्या १९४९ च्या इंग्रजी पुस्तकासाठी मसाला मिळाला, ही गोष्ट आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसास विसरता येत नाही. खऱ्यांचे कागद आजही जसेच्या तसे उपयोगी पडतात. राजवाड्यांचे तर्क पडले, पण त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र पडले नाहीत. दोघांत थोर कोण, ह्यावर आमच्या गावच्या वाचनालयात एकदा रात्री अकरापर्यंत वाद झाला आणि दिवे घालवून शिपायाने आम्हांस बाहेर काढले.

आता आमची स्वतःची गोष्ट. ती सांगण्यासाठीच हा खटाटोप.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात आमची युनियन होती. कारखान्याचे आणि गावाचे नाव सांगत नाही. हंगाम तोंडावर आला होता, आणि पगारवाढीच्या कराराचा मसुदा मालकाकडून आला. वाढ आम्ही मागितली त्याहून थोडीच कमी, मागची थकबाकी एकरकमी. तीन वर्षांच्या भांडणानंतर असा कागद हाती आला म्हणजे माणसाची छाती फुगते. आमची फुगली. रात्री कार्यकारिणी बसली. आम्ही मसुदा मोठ्याने वाचून दाखविला, टाळ्या पडल्या.

आमचे खजिनदार तात्या हे ठशाचे माणूस. ते टाळ्या वाजवीत नव्हते. त्यांनी मसुदा मागून घेतला, पिशवीतून मागचा करार काढला, तो आणि त्याच्या आधीचाही, आणि तिन्ही कागद चटईवर मांडून बोट ठेवून वाचू लागले. बराच वेळाने म्हणाले, ‘हे मागच्यासारखं नाही.’ आम्ही विचारले, काय नाही? ते म्हणाले, ‘मागच्या दोन्ही करारांत कलमांचा क्रम असा नव्हता. आणि एक शब्द कमी हाय.’ कोणता? त्यांना चटकन सापडेना. त्यांची कागद हाताळण्याची संथ रीत पाहून पोरे हसू लागली. आम्हीही हसलो.

सरकीच्या बाजूला काम करणाऱ्या बायांच्या वतीने एक मावशी कार्यकारिणीवर होत्या. सभेत त्या कधी बोलत नसत. त्या रात्री दाराशी बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, ‘भाऊ, या कागदात मले आपण दिसतच नाही. मले फाटकाबाहेरचं रिकामं आंगण दिसते.’ कोणीतरी विचारले, ‘कायहून दिसते, मावशी?’ त्या म्हणाल्या, ‘थे काई सांगता येत नाही.’ पुन्हा हशा. तात्या स्वतः चिडून म्हणाले, ‘बाई, येथे कागदाचं चाललं आहे, स्वप्नाचं नाही.’ आणि मावशी पुटपुटल्या, ‘ह्या बुवाचं रडगाणं कधी सरत नाही.’

ह्या दोन वाक्यांपाशी आम्ही गेली वीस वर्षे परत परत जातो. दोघेही एकाच गोष्टीकडे बोट दाखवीत होते. तात्यांना कळले होते की कागदात काहीतरी बदलले आहे. त्याचे पुढे काय होईल, ते त्यांना दिसत नव्हते. मावशींना पुढचे दिसत होते. ते कोणत्या ओळीतून येणार, ते सांगता येत नव्हते. त्यांची गाठ घालून देणे हे अध्यक्ष ह्या नात्याने आमचे काम होते. आम्ही मतास टाकले. दुसऱ्या दिवशी सही झाली.

तात्यांना तो शब्द तिसऱ्या दिवशी सापडला. मागच्या करारांत काम ‘कारखान्याच्या कायम कामगारांकडून’ करवून घेतले जाईल असे होते. नव्यात ‘कायम’ गेला होता, आणि काम ‘कार्यालयाच्या सोयीने’ होईल असा शब्दप्रयोग शेवटच्या कलमात, थकबाकीच्या आकड्याच्या खाली, बसविला होता. पुढचा हंगाम सुरळीत गेला. त्याच्या पुढच्या हंगामात दसऱ्यानंतर फाटकावर कंत्राटदाराची यादी लागली. तीत आमच्यापैकी त्रेचाळीस जणांची नावे नव्हती. वाढलेला पगार राहिलेल्यांना मिळाला. कामगार न्यायालयात खटला सहा वर्षे चालला आणि कलम दाखवून आम्हांस परत पाठविण्यात आले. त्या त्रेचाळिसांतील काही सुरतेस गेले, काही ऊसतोडीला लागले. मावशींचे नाव यादीत नव्हते. त्या आम्हांस कधी बोलल्या नाहीत.

ह्यावरून चाहूल नेहमी खरी ठरते असे कोणी समजू नये. पुढे पश्चात्तापाच्या भरात आम्ही मावशींचा शब्द प्रमाण मानू लागलो. एका वर्षी त्या म्हणाल्या, कारखाना विकणार आहेत, यंत्रे निघताना दिसतात. आम्ही एवढ्या आधारावर काम बंद पाडले. विक्री-बिक्री काही नव्हती. यंत्रे दुरुस्तीसाठी हलणार होती. अकरा दिवसांची मजुरी बुडाली, आणि ती ज्यांची बुडाली त्यांच्यापुढे मावशींना नव्हे, आम्हांस उभे राहावे लागले. तात्यांचेही तसेच. पगार बँकेत जमा होऊ लागला तेव्हा रोख हातावर मोजून घेण्याचा ठसा त्यांच्या मनातून जाईना, आणि त्यांच्या हट्टापायी आमच्या काही सभासदांची खाती उघडण्यास चार महिने उशीर झाला. आत दिसलेले खरे की खोटे, ह्याचा निवाडा शेवटी विचारानेच करावा लागतो. फाटक आणि भाव ह्यांचा दाखला आम्ही आरंभी दिला तो ह्याचकरिता.

आजकाल ह्या विषयाचे दुसरेच एक रूप आपल्या मुलांपर्यंत येऊन पोहोचले आहे, त्याविषयी दोन शब्द बोलणे आवश्यक वाटते. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स ह्यांनी युंगांच्या विचारावरून एक प्रश्नावली तयार केली. दोघींचे मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण नव्हते, म्हणून आम्हांस त्यांच्याविषयी आपुलकी आहे. दुसऱ्या महायुद्धात बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत जाऊ लागल्या, त्यांना मानवेल ते काम मिळावे, हा हेतू. त्या प्रश्नावलीत माणसांचे सोळा प्रकार पाडले आणि प्रत्येकास चार इंग्रजी अक्षरे दिली. येथे एक गफलत सर्रास होते. ‘आय’ म्हणजे अंतर्मुख आणि ‘एस’ म्हणजे संवेदन, तेव्हा ज्याच्या अक्षरांत दोन्ही आहेत तो ठशाचा माणूस, असे मुले समजतात. तसे नाही. त्या पद्धतीप्रमाणे अंतर्मुखांतील ज्यांच्या शेवटी ‘जे’ येतो त्यांचेच संवेदन किंवा अंतःस्फूर्ती आत वळलेली आणि प्रमुख असते. शेवटी ‘पी’ असेल तर ते काम बाहेर वळलेले असते आणि आत प्रमुख असतो तो विचार किंवा भावना. अक्षरे जोडून अर्थ काढणे म्हणजे सातबाऱ्यावरचे क्षेत्र पाहून जमिनीचा कस सांगणे.

शास्त्रज्ञांचे ह्या प्रश्नावलीवर आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली तर बऱ्याच माणसांचा प्रकार बदलतो. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने, व्यवसायाचा सल्ला देण्यासाठी ती वापरण्यास पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष काढला. स्वतः युंगांना माणसांना खणांत भरण्याचा हा नाद आवडत नव्हता. १९३४ साली आपल्या ग्रंथाच्या अर्जेंटिनातील आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी तो पोरखेळ ठरविला. आणि कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की नोकरीस घेण्याच्या वा न घेण्याच्या कामी ही प्रश्नावली वापरू नये, असे ती विकणारेच सांगतात. ज्यांच्या मुलामुलींपुढे पुण्या-मुंबईच्या मुलाखतीत असा कागद येईल त्यांनी हे लक्षात ठेवावे आणि मुलांना सांगून ठेवावे. प्रकार हा मनाची रीत ओळखण्यासाठी आहे. त्याच्यावरून कोणाची भाकरी काढून घेता येत नाही.

आमच्या युनियनच्या इतिवृत्ताच्या वहीत गेली काही वर्षे आम्ही प्रत्येक मोठ्या ठरावाच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढतो. डावीकडे ‘मागे काय झाले होते’ आणि उजवीकडे ‘काय दिसते’. डावीकडचे तात्या असेतोवर तेच भरीत. त्यांच्या पश्चात ते काम एका तरुण हमालाने घेतले आहे, त्याला सगळ्या तारखा पाठ आहेत. उजवी बाजू पुष्कळदा कोरी राहते, कारण ज्यांना दिसते त्यांना लिहिता येत नाही किंवा लिहिण्याचे धैर्य होत नाही, म्हणून आम्ही जाऊन विचारून लिहून घेतो. कोणाला ‘कायहून’ म्हणून विचारावयाचे नाही, एवढा नियम केला आहे. त्यानंतर दोन्ही बाजू मोठ्याने वाचतात आणि मग वाद सुरू होतो. मावशी आता सत्तरीच्या पुढे गेल्या. मागच्या कापसाच्या हंगामाआधी आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी चहा दिला, बराच वेळ अंगणाकडे पाहिले, आणि म्हणाल्या, ‘यंदा काई दिसत नाही भाऊ. तसंच लिहा.’ आम्ही तसेच लिहिले.